वानखडे सरांची उणीदुणी

वानखडे सरांच्या शोकसभेत मी त्यांची उणीदुणी काढली. तेव्हापासून आमच्या कॉलनीतली दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू म्हणावं. मी काही आपल्या मनाने उठले नव्हते. ते काम मला खुद्द सरांनी नेमून दिलं होतं, आणि त्याला सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, साक्षीदार होत्या.

सभा आमच्या अकोल्याच्या जुन्या ज्युनियर कॉलेजच्या हॉलमध्ये होती. आधी बुद्धवंदना झाली, मग भाषणं. प्राचार्य म्हणाले, "सर मितभाषी होते." मी खुर्चीतल्या खुर्चीत हसले. आपल्याकडे माणूस गेला की दोन दिवसांत त्याचा सगळा स्वभावच बदलून टाकतात. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, सर मितभाषी मुळीच नव्हते. एकदा सुरू झाले की समोरच्याची बस चुकली तरी थांबत नसत. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी न विचारता खात. स्वतःची चूक कबूल करायला त्यांना आठ-आठ दिवस लागत. आणि माणसं गोळा करायची हौस सरांची, पोळ्या लाटायचं काम वहिनींचं. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, बसा आता." पण पहिल्या रांगेत वहिनी पदर तोंडाला लावून हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मला तेवढं पुरे होतं.

त्यांचा सगळ्यात मोठा दोष मात्र मी सभेत सांगितला नाही. एकमेकांना धरून कसं राहावं हे साऱ्या जगाला सांगणारा हा माणूस अकरा वर्षं सख्ख्या मोठ्या भावाशी बोलला नव्हता. भाऊ काही परदेशात नव्हता. बार्शीटाकळीला होता, एसटीने पाऊण तासावर. तो दोष मी सरांना त्यांच्या हयातीत, त्यांच्याच घरात, तोंडावर सांगितला होता. ते कसं झालं ते सांगते, पण आधी माणूस कळला पाहिजे.

शेषराव वानखडे मूळ बार्शीटाकळीचेच. गणित शिकले, आणि तरुणपणी झिम्बाब्वेत गणिताचे मास्तर पाहिजेत अशी जाहिरात वाचून निघून गेले. तो देश तेव्हा नुकता स्वतंत्र झाला होता, खेडोपाडी शाळा निघत होत्या. तसल्या एका खेड्यात सर बारा वर्षं राहिले. परत येऊन आमच्या कॉलेजात लागले तेव्हा आम्हाला वाटलं, आता हा माणूस सिंहांच्या नि हत्तींच्या गोष्टी सांगेल. सिंह सरांनी पाहिलाच नव्हता. ते सांगायचे तिथल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी.

"बाई, तिकडं शोना लोकाईत कोनी वाईट वागलं ना, तं म्हनतात, हा मानूस नाई. म्हंजे अजून व्हायचा हाये. मंग साऱ्या गावानं मिळून त्याले मानूस करा लागते. एकट्याले जमतच नाई ते."

मी म्हणायचे, "त्यात काय नवल, सर? आपल्याकडेही आई म्हणतेच की पोराला, जरा माणसासारखा वाग."

"म्हनते ना. पन म्हनते आन् भाकरी टाकायले निघून जाते. तिकडं सारं गाव काम सोडून बसते."

सकाळी स्टाफरूममध्ये आले की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येकाला सर विचारणार, "झोप झाली का?" आणि आपण उलट विचारलं की उत्तर ठरलेलं: "तुमची झाली असन तं माही झाली." शोना लोक रोज सकाळी एकमेकांना असंच म्हणतात म्हणे. पहिले काही महिने सगळ्यांनी टिंगल केली. एकदा माझ्या सासूबाईंना चिकुनगुन्या झाला होता नि मी दोन रात्री जागी होते. सरांनी विचारल्यावर मी वैतागून म्हटलं, "नाही झाली." ते म्हणाले, "मंग माही बी नाई झाली," आणि निघून गेले. मला वाटलं, झाली यांची मस्करी. तिसऱ्या तासाला माझ्या मराठीच्या वर्गावर गेले तर सर फळ्यापाशी उभे. माझ्या पोरींना ते अपूर्णांक शिकवत होते. मला म्हणाले, "तुमी लायब्ररीत जाऊन झोपा." मी खरंच जाऊन झोपले. पोरी महिनाभर माझ्यावर चिडून होत्या, कारण सरांनी त्यांना घरचा अभ्यासही दिला होता.

डब्याचं म्हणाल तर मी त्यांच्याशी रीतसर भांडले होते. माझ्या डब्यात पातोडीची भाजी असली की सरांचा हात आलाच. मी म्हटलं, "सर, विचारत जा ना!" तर म्हणे, "काहून? भाजी काय तुमच्या एकटीची हाये?" तिकडे मोठ्या थाळीत घट्ट शिजवलेलं पीठ ठेवून सगळे एकत्र जेवतात, आपल्या ज्वारीच्या कण्यांसारखंच, हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं असेल. मी म्हटलं, "एकत्र जेवतात ना? मग तुमचाही डबा मधे ठेवा." दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा मधे ठेवला. त्यात नुसता ठेचा आणि भाकरी. ठेचा असा की दोन माणसं पाण्याच्या माठाकडे पळाली.

असं असलं तरी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. प्रतीक्षा नावाची मुलगी पूर्वपरीक्षेत गणिताच्या पेपरला कॉपी करताना सापडली. प्राचार्य तिचं नाव काढून टाकायच्या गोष्टी करत होते. सर म्हणाले, काढा, पण आधी सगळ्यांना बोलवू. सगळे म्हणजे कोण? तर तिची आई, तिच्या बाकावरची मुलगी, मागच्या-पुढच्या बाकावरच्या चारजणी, शेजारच्या रांगेतली एक, आणि गणिताचे मास्तर म्हणून ते स्वतः. सगळ्यांना गोल बसवलं. प्रतीक्षाची आई बिचारी सारखी हात जोडत होती. सरांनी त्या मुलींना विचारलं, "हिचं गणित कच्चं हाये हे तुमाले मालूम होतं?" सगळ्या म्हणाल्या, हो. "कवापासून?" "जूनपासून." "मले सांगितलं?" "नाही, सर." "आन् मले तरी काहून नाई दिसलं? मी तं रोज समोर उभा राहतो." मग प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "आता सांगा, कोनाकोनाचं नाव काढता?"

नाव राहिलं. शिक्षा अशी ठरली की त्या सहा मुलींनी मधल्या सुट्टीत पाळीपाळीने प्रतीक्षाला गणित शिकवायचं आणि सरांनी दारात उभं राहून ऐकायचं. तुम्हाला वाटत असेल, पुढे ती पहिली आली. छे! बोर्डाच्या परीक्षेत गणितात साफ नापास झाली. निकालाच्या दिवशी सरांनी सहाही जणींना बोलावून सांगितलं, "आपन नापास झालो." त्या पोरी रडल्या हो! पुरवणी परीक्षेपर्यंत पुन्हा शिकवलं आणि प्रतीक्षा काठावर पास झाली. त्या दिवशी सर पेढे घेऊन आले आणि वाटता वाटता अर्धे स्वतःच खाल्ले.

कॉलनीत मात्र त्यांचं हे शास्त्र आमच्या जिवावर यायचं. एका मे महिन्यात पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीपासून सुरू करायचा यावर वाद झाला. सगळे म्हणाले, हात वर करून मोजा नि मोकळे व्हा. सर म्हणाले, "नाई. मोजलं की कोनीतरी हारते, आन् हारलेला मानूस उद्या शेजाऱ्याचं तोंड पाहात नाई. साऱ्याईले पटेपर्यंत बसू." बसलो. सरांच्याच हॉलमध्ये. दुपारी तीनपासून. कूलर गरम हवा फेकत होता, वहिनी तिसऱ्यांदा चहा टाकत होत्या. सहा वाजता पहिल्या गल्लीचे काळे म्हणाले, "जाऊ द्या ना बाप्पा, शेवटच्या गल्लीपासून करा, मले घरी जाऊ द्या." सगळ्यांनी एका आवाजात हो म्हटलं. सर खूश. "पाहा बाई, झालं का नाई एकमत?" मी म्हटलं, "सर, हे एकमत नाही, हा उकाडा आहे." यावर ते आठ दिवस फुगून होते.

आता मला नेमलं कसं ते. बारावीच्या मुलींचा निरोप समारंभ होता. सर सामुदायिक जीवनावर पन्नास मिनिटं बोलले. भर उन्हात, पटांगणात. नंतर सगळे म्हणाले, वा सर, काय बोललात. मी म्हटलं, "सर, दोन पोरींना भोवळ आली. तुम्ही त्यांच्याशी बोलतच नव्हता, स्वतःचंच ऐकत होता." सर निघून गेले. पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन आमच्या घरी आले. हातात संत्र्यांची पिशवी. ओट्यावर बसून म्हणाले, "बाई, आजपासून तुमी माह्या सहविरा."

मी म्हटलं, "हे काय नवीन?"

तर म्हणे, शोना लोकांत प्रत्येक घराला एक सहविरा असतो. दोस्तच, पण नेमलेला दोस्त. त्याला एक हक्क असतो: घरातल्या कोणालाही तोंडावर खरं सांगायचं, हवं तर थट्टा करून, आणि ऐकणाऱ्याने रागवायचं नाही. माणूस मेल्यावरसुद्धा सहविरा त्याच्या मयतीत त्याच्या नकला करतो, त्याच्या खोड्या सांगतो, लोक रडता रडता हसतात.

"आपल्याकडं मेला की मानूस एकदम देव होते," सर म्हणाले. "मले ते खोटं वाटते. माह्या शोकसभेत तुमी खरं बोलजा."

"मीच कशाला? तुमच्या नात्यात कोणी नाही का?"

"आपल्या कुळातला चालतच नाई. तो बाहेरचाच लागते. घरातला मानूस कवा लाजते, कवा भेते. मी वानखडे, तुमी जोशी. याच्यापेक्षा बाहेरचं कोन भेटन मले?" आणि स्वतःच मोठ्याने हसले.

मी ते काम थट्टेवारी घेतलं. हक्क वापरायचे तो भाजीवरून, भाषणावरून, त्यांच्या त्या एकाच तपकिरी स्वेटरवरून. भावाचा विषय मात्र मला माहीत असून मी काढत नव्हते. एकदाच काढला होता, तेव्हा सर चष्मा पुसत म्हणाले, "तो विषय नोका काढू, बाई." मी गप्प बसले. घाबरले म्हणा ना.

झालं होतं असं. सरांची आई बार्शीटाकळीला मोठ्या मुलाकडे, श्यामरावदादांकडे असायची. ती गेली तो दिवस मे महिन्यातला. सर तेव्हा पेपर तपासायला अमरावतीला होते, आणि तिथे फोन बंद करून बाहेर ठेवायचा नियम होता. दादांनी दुपारपर्यंत फोन केले. उन्हं अशी की मयत ठेवणं कठीण. शेवटी त्यांनी नेलं. सर संध्याकाळी पोचले ते सगळं आटोपल्यावर. चार लोकांत ओरडले, "माह्या मायले माह्याशिवाय नेलं तू!" दादाही माणूसच. ते म्हणाले, "तू बारा वर्सं आफ्रिकेत होता, तवा मायपाशी कोन होतं?" सर उलट्या पावली अकोल्याला आले. तेव्हापासून ना फोन, ना येणं, ना लग्नकार्य. कोण चुकलं म्हणायचं? मला विचाराल तर कोणीच नाही, आणि म्हणूनच ते मिटत नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी मला बसस्टँडवर अर्चना भेटली. माझी जुनी विद्यार्थिनी, श्यामरावदादांची सून. म्हणाली, "बाई, आमच्या मामंजीले लकवा मारला. डावी बाजू गेली. बोलनं नीट समजत नाई. पन दारात गाडी वाजली की विचारतात, शेषा आला का?" मी विचारलं, सरांना कळवलं का? म्हणाली, "कळवलं ना. काही बोललेच नाईत."

मी स्टँडवरून तशीच ऑटो करून सरांच्या घरी गेले. सर आता निवृत्त झाले होते; आरामखुर्चीत बसून शेजारच्या एका प्राध्यापकाला, माणूस एकट्याने घडत नाही, हेच समजावून सांगत होते. मी म्हटलं, "सर, दादांचं कळलं ना?" म्हणाले, "कळलं." "मग?" "त्यानं बोलवा लागते ना. मी कसा जाऊ?"

राग आला की माझी भाषा माहेरची होते. मी उभ्यानेच बोलले. "सर, आज मी तुमाले सहविरा म्हनून सांगून राहिली. मानूस कसा होते ते तुमी बारा वर्सं तिकडं जाऊन शिकले. तीच बारा वर्सं तुमचा भाऊ इथं मायले न्हाऊमाखू घालत होता, तिचं डोकं विंचरून देत होता. मंग तुमच्या दोघाईत मानूस कोन झाला, सर? तुमी तं अजून व्हायचेच हा!"

प्राध्यापक चप्पल शोधायला लागले. सर उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "निघा, बाई," ते म्हणाले. "माह्या घरातून निघा." रागवायचं नाही हा त्यांचाच नियम, पण त्याची आठवण करून द्यायची ती वेळ नव्हती. मी वळले, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "बाईले काहून हाकलता? बाई जे बोलल्या ते मी अकरा वर्सांपासून बोलून राहिली. पन मले कोनी तो हक्क देला नव्हता ना!"

घरी येऊन मी खूप रडले. वाटलं, गेला हा माणूस हातचा. इतक्या वर्षांची मैत्री एका तोंडापायी घालवली. पंधरा दिवस मी त्यांच्या गल्लीतून गेले नाही, आणि सकाळी कोणी झोप झाली का विचारलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

मग वहिनींचा फोन आला. "बाई, ते घरी नाईत. तुमी आल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बार्शीटाकळीले गेले. मले म्हनले, दोन दिवसांत येतो. अजून तिकडंच हायेत. मी बी उद्या चालली."

"रागावलेत का अजून?"

"हायेत ना तुमच्यावर. पन तुमाले तं मालूमच हाये, त्याईले टाइम लागते."

मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी मी सकाळची एसटी धरली. कोणाला सांगितलं नाही. पुढे सरांशी फोन दोन-तीनदा झाले, पण ते अकोल्याला परत आलेच नाहीत, आणि दिवाळीनंतर त्याच घरात, दादांच्या आधी, झोपेतच गेले. त्यामुळे त्या सकाळचं पाहणं हेच माझं शेवटचं पाहणं ठरलं.

दादांच्या घराचं फाटक उघडंच होतं. अंगणात बाजेवर दादांना उशीला टेकवून बसवलं होतं. गळ्याभोवती टॉवेल, तोंडाला साबणाचा फेस. समोर स्टुलावर सर, बनियनवर, हातात वस्तरा. डाव्या हाताने त्यांनी दादांची हनुवटी वर धरली होती. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता. मी फाटकापाशीच थांबले.

दादा काहीतरी सांगत होते. वाकड्या तोंडातून एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "माय... गेली... तवा... म्या... थांबा... लागत..."

सर वस्तरा बाजूला धरून थांबले. दादांचा शब्द काही पुरा होईना. मग सर म्हणाले, "बोलू नोको, दादा. लागन." त्यांनी वस्तरा टॉवेलला पुसला. पुसतच राहिले. "तू बारा वर्सं थांबला होता. मीच आलो नाई."

दादांनी आपला चांगला हात उचलला. मला वाटलं, आता पाठीवर ठेवतील. त्यांनी सरांच्या टकलावर एक चापट मारली, बऱ्यापैकी जोरात, आणि खुळ्या पोराला म्हणावा तसा तेवढा एक शब्द मात्र अगदी स्पष्ट बोलले. "बह्याड!"

सर मान खाली घालून बसले. त्यांचे खांदे हलत होते. मग बनियनला डोळे पुसून त्यांनी दादांची हनुवटी पुन्हा वर धरली आणि राहिलेला गाल करायला घेतला.